फवारणीचा वास

अकोल्यात माझ्या घरामागे रिकामे प्लॉट आहेत आणि त्यांच्या पलीकडे कपाशी सुरू होते. शहर वाढतं आहे, पण अजून तिथवर पोचलेलं नाही. श्रावणात पावसानं जरा उघडीप दिली, ऊन तापलं आणि वारा पडला, की एखाद्या सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालायला जाते आणि तो वास येतो. सडका, गोडसर, नाकातून थेट घशात उतरणारा. मी कपडे तसेच बादलीत टाकते आणि खिडक्या लावून घेते. घरचे हसतात. म्हणतात, एवढ्या लांबून काय होतंय? मी उत्तर देत नाही. एकदा बोलायला लागले की मी थांबणार नाही, हे त्यांना अनुभवानं माहीत आहे, म्हणून तेही पुढे विचारत नाहीत.

आज मात्र बोलणार आहे.

श्रावणावर आपल्या भाषेत इतकं गोडगोड लिहून ठेवलं आहे की शाळेत मला वाटायचं, आमच्याकडे येतो तो श्रावण वेगळाच कुठला तरी असावा. पुस्तकातल्या श्रावणात ऊन-पाऊस लपंडाव खेळतात, बायका झोके घेतात, सगळीकडे हिरवळ असते. हिरवळ आमच्याकडेही असायची. तिलाच आम्ही तण म्हणत होतो, आणि ते काढता काढता आमच्या बायकांची कंबर मोडत होती.

आमचं गाव तिवस्याच्या आतल्या अंगाला. बाबांना अकोल्याच्या पोस्टात नोकरी लागली आणि आम्ही शहरात आलो. बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा, शेतीवर राहिले. त्यांची बायको माझी मोठी आई. तिला मूलबाळ नाही, त्यामुळे सुट्टी लागली रे लागली की मला बोलावणं यायचं. मोठी आई म्हटलं की मला तिचे हात आठवतात. अंगठ्याचं नख ती जरा वाढवून ठेवायची. संत्र्याच्या देठाजवळ ते नख रोवलं की साल एका सलग पट्टीत उतरायची, मधे कुठे तुटायची नाही. मग ती साल पुन्हा गोल गुंडाळून ती माझ्या हातात ठेवायची आणि मी फसून, अख्खं संत्र समजून, ती दाबायची. दरवेळी फसायचे. तेव्हाचं ते फसणं किती सुखाचं होतं!

कापूस वेचायलाही तिच्यासारखं कुणी नव्हतं. बोंडाची वाळलेली टोकं बोचतात, ती चुकवून नुसत्या बोटांच्या अग्रांनी ती कापूस उचलायची. तिच्या पदराच्या ओटीतल्या कापसात पाल्याचा कण सापडायचा नाही.

मी कॉलेजात गेले त्याच सुमाराला आमच्या गावात तणाचं औषध आलं. त्याआधी निंदण व्हायचं, पाच-सात बायका रांगेनं वाकून तण उपटत पुढे सरकायच्या, गप्पा चालायच्या, कुणीतरी कुणाची टर उडवायचं. पण ती वर्षं आमच्याकडची वाईट वर्षं होती. पाऊस कधी यायचाच नाही आणि आला की थांबायचा नाही, माणसं गावं सोडून पुण्या-सुरतेकडे जात होती, निंदणाला बाया मिळेनात. अशा वेळी चार दिवसांचं काम एका सकाळी उरकणारी वस्तू दुकानात आली, तर माणूस ती घेणारच. घेणाऱ्यावर माझा राग नाही. तेव्हाही नव्हता.

तिवस्याच्या त्या कृषी केंद्रात मी मोठ्या बाबांबरोबर गेले होते. काउंटरवर खतांची पोस्टरं, त्यांवर हसरे शेतकरी, इस्त्रीचे सदरे घातलेले. दुकानदार तरणाबांड आणि तोंडानं गोड. त्यानं डबा काढला, झाकण फिरवून उघडलं, हात लांब करून मोठ्या बाबांच्या नाकासमोर धरला आणि स्वतः खुर्चीत मागे रेलला.

"घ्या काकाजी, हुंगून पाहा. वास नाई आला तं नका घेऊ."

मोठे बाबा हुंगले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मान झटकून म्हणाले, "हाय जोर. असली माल हाय."

बाजूला उभ्या असलेल्या दोघांनीही हुंगून पाहिलं. हा तिथला रिवाजच होता. आंबा हुंगून घ्यावा, तूप हुंगून घ्यावं, तसं औषधही. त्या वर्षांत नकली बियाणं, नकली खत, सगळं नकली बाजारात येत होतं, आणि माणसाला स्वतःच्या नाकाशिवाय भरवशाचं काही उरलं नव्हतं. डब्यावर माहिती होती, नाही असं नाही. बाळाच्या औषधाच्या पुडीतल्या कागदाच्या चौपट मजकूर, मुंगीएवढ्या अक्षरात, देशातल्या झाडून साऱ्या भाषांत. मी चष्मा लावूनही वाचू शकले नाही. मोठ्या बाबांना तर जवळचं दिसायचंच नाही. वास मात्र सगळ्यांना यायचा. ज्याचा जास्त उग्र, ते जास्त जहाल, म्हणजे जास्त चांगलं.

फवारणी मोठे बाबा करायचे, पाठीवर पंप बांधून. बादलीत औषध कालवायचं काम मोठ्या आईचं. ती बाही वर सारायची, हात कोपरापर्यंत बादलीत घालायची आणि ढवळायची. मी ओरडले, "मोठी आई, काडीनं ढवळ ना!"

"काडीनं नाई मिसयत वं. हातालेच समजते."

मग हात नाकाशी नेऊन वास बरोबर आला की नाही ते बघायची, पदराला पुसायची, आणि पुढची बादली.

दिवाळीत गेले तेव्हा तिच्या बोटांची कातडी सोललेली होती. नखांवर आडवे पांढरे पट्टे. होळीपर्यंत अंगठ्याचं नख मुळापासून सुटून गेलं. मला रडू आलं, तर तीच मला समजावू लागली. "येते परत. केस नाई का येत?" नख आलंही परत, पण वेडंवाकडं, पापुद्र्यासारखं. तोवर पुन्हा श्रावण आला आणि तिचा हात पुन्हा बादलीत गेला. दरवर्षी थोडं येत होतं आणि जास्त जात होतं. संत्र ती दातांनी सोलू लागली. मला एकच हवं होतं, तो हात त्या बादलीतून कायमचा बाहेर यावा. बोलून, भांडून, रुसून, सगळं करून पाहिलं. "अन् मंग तण कोन काढीन? तू?" असं ती म्हणायची, आणि मी तर अमरावतीला केमिकल इंजिनिअर होत होते.

तिथे काय शिकत होते ते सांगते. खनिज तेलाच्या शुद्धीकरणाचे सगळे टप्पे मला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. अमरावतीच्या आसपास खनिज तेलाचा थेंब निघत नाही. समुद्राच्या पाण्यातून मीठ काढायच्या पद्धती शिकले, आणि समुद्र मी पाहिलेला नव्हता. हॉस्टेलच्या गच्चीवरून चहूकडे कपाशी दिसायची, वारा फिरला की वर्गात फवारणीचा वास यायचा आणि आमचे सर फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "खिडकी लावा रे कुणीतरी." एवढाच काय तो आमच्या अभ्यासक्रमाचा आणि त्या वासाचा संबंध. एकदा मी उठून विचारलं, "सर, हे जे मारतात, ते बनवतात कसं? त्यात काय काय असतं?" सर मागे वळले. चिडले नाहीत, तेही बरं. म्हणाले, "परीक्षेला येत नाही ते." वर्ग हसला. मी बसले. आता आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. रसायनांचं शिक्षण घ्यायला बसलेली साठ पोरं, त्यातली निम्मी शेतकऱ्यांच्या घरची, आणि आपल्या बापाच्या पाठीवरच्या पंपात काय आहे, हे कुणालाही ठाऊक नाही!

तिसऱ्या वर्षानंतर मला एक वर्ष इंग्लंडात शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. आईला धास्ती वाटत होती. बाबांनी भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीकडे बोट दाखवलं. म्हणाले, "ते बोटीनं गेले होते. तू इमानानं जा." विषय संपला. मोठ्या आईनं निघताना मला वाळवलेल्या संत्र्याच्या सालींची पुरचुंडी दिली, तिकडे थंडीत चहात टाकायला. साली तुकड्या-तुकड्यांत होत्या.

तिथल्या विद्यापीठात पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत शिकवलं ते कसं काम करायचं हे नाही, जीव कसा वाचवायचा हे. डोळे धुवायचा नळ कुठे आहे, तो डोळे मिटून शोधता येतो का. कुठल्या रसायनाला कुठले हातमोजे, कारण सगळे मोजे सगळ्याला चालत नाहीत. कोट, चष्मा, धूर ओढून घेणारं काचेचं कपाट. एकटं काम करायचं नाही, शेजारी कुणीतरी हवंच. मी हे सगळं लिहून घेत होते आणि डोळ्यांपुढे ती बादली होती. पहिल्यांदा हातमोजे चढवले तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. माझी नखं केवढी जपली जात होती!

त्या वर्षी माझा विषय होता फवारणीची द्रावणं. तेल आणि पाणी एकमेकांत कसं धरून ठेवायचं, थेंब पानावर कसा पसरवायचा. सुंदर विषय आहे, अजूनही मला आवडतो. आमच्या प्रयोगशाळेची जबाबदारी जेनेट नावाच्या बाईंकडे होती. पन्नाशीच्या, बारीक, कामाला कडक, आणि मला रोज आपल्या डब्यातलं बिस्किट देणाऱ्या. एके दिवशी त्यांनी कपाटात ठेवलेल्या बाटलीचं बूच जरासं सैल केलं. काच मधे असूनही एक झुळूक आली असेल नसेल, आणि मी एकदम तिवस्याच्या त्या दुकानात जाऊन उभी राहिले.

"हा वास मला माहीत आहे," मी म्हणाले. "हे औषध किती जहाल आहे ते यावरूनच कळतं."

जेनेटबाईंना माझं म्हणणं समजेना. मग त्या म्हणाल्या, "छे, वास याचा नाहीच. मूळ पदार्थाला जवळजवळ वास नसतो. हा वरून घातलाय, मुद्दाम. रंगसुद्धा मुद्दाम, कुणी सरबत समजू नये म्हणून. आणि उलटी होईल असंही काही घालतात, प्यायलं गेलंच तर पोटात राहू नये म्हणून."

"आणि वास कशासाठी?"

"माणसानं लांब राहावं म्हणून."

"पण कुणी जवळ गेलंच तर?"

त्या हसल्या. त्यात खोट नव्हती, त्यांना खरंच वाटलं की मी गंमत करतेय. "हा वास आल्यावर जवळ कोण जाईल?" असं म्हणाल्या आणि त्यांनी बूच घट्ट लावलं.

मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धुतलं. रडले नाही. रडण्याच्या पलीकडचं काहीतरी होतं. दूर कुठल्या तरी स्वच्छ खोलीत बसून कुणीतरी आमचा विचार केला होता. नीट, सावकाश, पैसे खर्चून केला होता. आमच्यातलं कुणी ते पिईल, इथपर्यंत केला होता. त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव छापून यायचं ते त्याच कारणानं. तिथला एक वर्गमित्र मला ओळख झाल्याझाल्या म्हणाला होता, "तू तिथलीच का, जिथे शेतकरी..." आणि वाक्य अर्धं सोडून दिलं होतं. पण ते कालवणारा हात कुणाच्या डोक्यात आला नाही. वास आल्यावर तोच वास घ्यायला माणसं रांगेनं पुढे येतील, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. नंतर कळलं की त्या देशाच्या शेतात ते औषध मारायला बंदी होती. बनवून बाहेर पाठवायला मात्र मोकळीक होती. मी जेनेटबाईंना विचारलं तेव्हा त्या बिस्किट पुढे करायचं विसरल्या आणि म्हणाल्या, "हो, तसं आहे खरं." चांगली बाई होती. एखादी चांगली बाई समोर असली की रागाला जागा मिळत नाही, तो आतल्या आत फिरत राहतो.

परत आल्यावर कॉलेजनं माझं भाषण ठेवलं. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. 'परदेशातील संधी' असा विषय फलकावर लिहिलेला. मी संधींबद्दल दोन वाक्यं बोलले आणि मग वासाची गोष्ट सांगितली. सरांनी मला नंतर बाजूला घेतलं. "चांगलं बोललीस, पण हा विषय ॲग्रिकल्चरवाल्यांचा आहे. आपला नाही." ठीक. मी अकोल्याला आले, शेतीच्या एका कार्यालयात जाऊन तिथल्या साहेबांसमोर बसले. म्हटलं, दुकानात वास देऊन औषध विकतात, ते बंद करा, निदान डब्याबरोबर हातमोजे द्यायला लावा. साहेबांनी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, हा केमिकलवाल्यांचा विषय आहे. तुम्हीच लोक बनवता ना?"

अमरावतीत ते शेतीचं आणि अकोल्यात ते रसायनाचं. बडनेऱ्याहून गाडीत बसलं तर दीड-दोन तासांचा रस्ता आहे. त्या रस्त्यात कुठेतरी मूर्तिजापूरच्या आसपास माझ्या मोठ्या आईचा हात कुणाचाच नसतो. दोघांनीही व्यवस्थित हात झटकले. त्यांच्या हातांना काही झालेलं नव्हतं.

गावी गेले तेव्हा संत्र्यांचे दिवस होते. मोठी आई ओसरीवर बसली होती. तिनं टोपली पुढे सरकवली आणि विचारलं, "तिकडं संत्र भेटते का?" मी म्हटलं, "भेटते, पन सोलून द्याले कोनी नसते." ती हसली, पण संत्र तिनं उचललं नाही. मी सोललं. साल तीन-चार ठिकाणी तुटली. तिनं ती पाहिली आणि माझी कीव केल्यासारखं चक् केलं.

मग मी तिला सांगितलं. पुस्तकी भाषा बाजूला ठेवली. "मोठी आई, तो वास औषधाचा नाई. वरून टाकलेला हाय."

"कायले?"

"मानसानं जवय येऊ नये म्हनून."

तिनं फोड तोंडात टाकली, चावली, बी अंगणात थुंकली. आमाले वाटे वास म्हंजे जोर, असं काहीसं ती पुटपुटली. मला वाटलं आता विषय गेला. दुसरी फोड सोडवता सोडवता ती म्हणाली, "म्हंजे त्याइले मालूम होतं."

"काय?"

"का मानूस जवय येते. आमी येतो." स्वतःचा अंगठा तिनं माझ्यासमोर धरला. "वास टाकाचं सुचलं त्याइले. मंग हातमोजे टाकाचं काऊन नाई सुचलं?"

एवढं शिकून, एवढं फिरून, हा प्रश्न मला इतका सरळ विचारता आला नव्हता. मी कार्यालयात अर्ध्या तासाचं भाषण केलं होतं. मी अकोल्याहून जाड रबरी मोजे पाठवले. मोठ्या बाबांच्या मापाचे आले, तिच्या हातातून निसटायचे. मग दुसरे पाठवले. उकाड्यात घालवत नाहीत म्हणायची. काही बादल्या मोजे घालून, काही तशाच, असं चालत राहिलं. मी कारखान्यात नोकरीला लागले. नोकरी पाण्याच्या शुद्धीकरणाची घेतली, द्रावणांची मिळत होती ती नाही घेतली. त्यामुळे जगात काडीचाही फरक पडला नाही, हे मला कळतं.

परवा खिडक्या लावून बसले होते तेव्हा तिचा फोन आला.

"वैशू, कामात हायेस का?"

"नाई, बोल."

"तिवस्याले गेलो होतो, तुहे मोठे बाबा अन् मी. त्या दुकानात." दुकानदार तोच म्हणे, आता पोट सुटलेला, पोस्टरंही तीच. "त्यानं झाकन खोललं, माह्या नाकासमोर धरलं. म्हने, हुंगा काकू. मी म्हनलं, पयले तू हुंग."

"मग?"

"दुकानातले सारे हासले. तो बी हासला. म्हने, मले काय गरज, मी रोजच इकतो. मी म्हनलं, रोज इकतं तं आज हुंग. आमी इतके वर्स हुंगलं तुह्या म्हनन्यावर. तुहे मोठे बाबा मले कोपरानं ढोसून रायले, चाल म्हने, चाल. मी नाई हालली."

मला तो काउंटर दिसत होता. तो लांब केलेला हात, खुर्चीत मागे रेललेला देह. इतकी वर्षं तो तसाच बसत आला होता आणि मला ते फक्त त्याचं ऐटीत बसणं वाटलं होतं.

"मंग त्यानं काय केलं?"

"झाकन लावलं. डब्बा मांगं ठेवला. आमी आलो परत. आता निंदून काढतो दोघंबी, जसं होईन तसं. रायलं तं रायलं तण."

मी म्हटलं, मी रविवारी येते निंदायला. ती मोठ्यानं हसली. "तुले तण अन् कपाशीची पऱ्हाटी वयखू तरी येते का? उपटून ठेवशीन सारी पऱ्हाटी." मीही हसले. मग पलीकडून भांडं सरकवल्याचा आवाज आला. मला वाटलं ती फोन ठेवून उठली. "मोठी आई?" मी म्हटलं.

"हाय ना," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, मला नाही तर स्वतःलाच सांगितल्यासारखं:

"त्यानं नाई हुंगलं वं वैशू. त्याले बी मालूम हाय."